रांगायला लावणारे चाचा

चाचा कोणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करायला लावायचे आणि खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान थोडी तिरपी करून ऐकायचे. घरचे लोक एकमेकांकडे बघायचे. टीव्ही, अॅम्प्लिफायर, सबवूफर सगळं अजून खोक्यात असायचं आणि हा पांढऱ्या दाढीचा, फुल बाह्यांच्या शर्टातला माणूस रिकाम्या खोलीत टाळी वाजवून विचारायचा, "इथं पडदे काऊन नाही लावले हो?"

माझं मलकापूरला टीव्ही आणि होम थिएटरचं दुकान आहे. चाचा माझ्याकडे नोकरीला नव्हते. ते कोणाकडेच नव्हते. आधी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. ती जिनिंग बंद पडल्यावर घरीच पंखे-मिक्सर दुरुस्त करायचे. माझ्या दुकानात ते आले ते भांडायलाच.

दुकान नवीन होतं. गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी मी दिवसभर मोठ्या आवाजात सिस्टीम लावून ठेवायचो. एका दुपारी चाचा रस्त्यावरून जात होते. ते थांबले, दारात उभे राहिले आणि डोळे मिटले. मला वाटलं गाणं आवडलं.

"शेठजी," ते म्हणाले, "तुमचे हे दोन डब्बे एकमेकाशी भांडून राह्यले."

मला काही कळलं नाही. त्यांनी खिशातून टॉर्चचा एक सेल काढला. स्पीकरच्या वायरी सोडवून एकेका स्पीकरला सेल टेकवला. सेल टेकवला की एका स्पीकरचा पडदा टप्पकन बाहेर यायचा आणि दुसऱ्याचा आत जायचा. एकाची लाल-काळी वायर उलटी लागली होती. दोघं एकमेकांचा आवाज खात होते. वायर बदलून त्यांनी गाणं परत लावलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या गाण्यात ढोलक आहे. चार महिने मी तेच गाणं वाजवत होतो.

त्या दिवसापासून चाचा दुकानातल्या बाकावर बसायला लागले. माझा माल बसवायला जायचे, बसवणावळ घ्यायचे. पण विक्रीच्या वेळी मात्र ते माझ्या बाजूचे नसत.

एक शिक्षक जोडपं आलं होतं. दहा बाय बाराची खोली आणि त्यांना हवा होता दुकानातला सगळ्यात मोठा सबवूफर. खोक्यावर हजारो वॉट छापलेले होते. सौदा जवळजवळ झालाच होता, तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "सर, तुमच्या खोलीत हा डब्बा ठेवला त तुमाले बसाले जागा नाही उरनार."

"पण वॉट किती आहेत बघा ना, चाचा."

"खोक्यावर काहीबी लिवता येते. हा एक मिनिटात ठो करन आन् दम तोडन. अॅम्प्लिफायर न दमता, तासन्तास किती वॉट देते ते पाहा. ते मांगच्या बाजूले बारीक अक्षरात लिवलेलं असते."

शिक्षक मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. अर्ध्या किमतीचा आठ इंची घेऊन गेले. मी चाचांवर चिडलो.

"शेठजी," ते शांतपणे म्हणाले, "मोठा डब्बा त्याईनं वापस आनला असता. हा लहाना डब्बा गिऱ्हाईक आनन."

खरंच त्या शिक्षकांनी त्यांच्या शाळेतल्या तिघांना पाठवलं. पण हे मी चाचांना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या सगळ्या बोलण्याचं मूळ एका वाक्यात होतं: "खोली वाजते, डब्बा वाजत नाही." माल कितीही भारी असो, तो चुकीच्या कोपऱ्यात ठेवला तर नुसता घुमतो, एका खुर्चीवर छातीत धडधड होते आणि शेजारच्या खुर्चीवर काहीच ऐकू येत नाही. लोक सबवूफर कोपऱ्यात ठेवायचे, कारण तिथे तो दिसत नाही आणि आवाजही मोठा येतो. "मोठा येते, साफ नाही येत," चाचा म्हणायचे. तपासायला ते कधी मारामारीचा सिनेमा लावत नसत. तबल्याचं एक रेकॉर्डिंग होतं त्यांच्याकडे, त्यातला डग्गा ऐकायचे. "फटाका कोनताबी डब्बा फोडते. डग्ग्यावर तळहात घासला, तो घासलेला ऐकू आला पाह्यजे."

त्यांच्या पिशवीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या आणि कापसाची एक पुडी असायची. सबवूफर सुरू झाला की घरातलं काय काय थरथरतं ते शोधत फिरायचे. शोकेसची काच, भिंतीवरचं घड्याळ, देव्हाऱ्याचं दार. जिथे खरखर असेल तिथे कापूस नाहीतर रबर खोचायचे. एका घरी त्यांनी ट्रॉफ्यांच्या रांगेखाली नमदा कापून बसवला होता. प्रत्येक ट्रॉफीखाली वेगळा, मापाचा.

आणि मग यायचं रांगणं.

त्यांची पद्धत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवायचा, मालक जिथे बसणार अगदी त्याच जागी. तबला सुरू करायचा. मग मालकाने हातापायांवर भिंतीच्या कडेकडेने सगळी खोली रांगत फिरायची, कान जमिनीजवळ ठेवून. जिथे डग्गा सगळ्यात साफ ऐकू येईल तिथे खडूने खूण. तीच सबवूफरची जागा. "आवाज इथून तिथं जसा जाते, तसाच तिथून इथं येते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. मी नंतर वाचलं, जगभर जाणकार लोक असंच करतात. चाचा ते कुठे शिकले हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण रांगायचं मालकानेच, हा त्यांचा हट्ट होता. ते स्वतः रांगत नसत, मला रांगू देत नसत. "घर तुमचं, कान तुमचे. माह्या कानानं तुमी पिक्चर पाह्यसान का?" एक निवृत्त बँक मॅनेजर रांगले तेव्हा त्यांचे दोन नातू पाठीवर चढून बसले. त्यांची बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चाचा मात्र हसले नाहीत. खडू घेऊन मागे मागे चालत होते.

वडनेर भोलजीच्या दादासाहेबांकडे मात्र याच हट्टावर सगळं बिनसलं.

दादासाहेब मोठे बागायतदार. नवा बंगला बांधला होता, वरच्या मजल्यावर खास थिएटरची खोली. माझ्या दुकानाची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर ती. सबवूफर त्यांनी दोन घेतले होते, दोन्ही पंधरा इंची. बसवायला गेलो तेव्हा घरात गवंडी, सुतार, रंगारी असे आठ-दहा लोक होते. चाचांनी टाळी वाजवली, ऐकलं आणि म्हणाले, "एकच बस होते. दुसरा वापस न्या. मांगच्या भितीले जाड पडदा लावा."

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पण ऐकून घेतलं. मग चाचांनी एक सबवूफर त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "आता रांगा."

"काय?"

चाचांनी समजावून सांगितलं. दादासाहेबांचा धोतर-सदरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा. सुतारांची करवत थांबली होती.

"मी रांगू? या वयात?" ते म्हणाले. "ह्या गड्याले सांगा. ओ रे, इकडं ये."

"पिक्चर गडी पाह्यनार हाय का?" चाचांनी विचारलं.

"मिस्त्री, तुमी तुमचं काम करा."

"तेच करून राह्यलो."

"मी नाही रांगत."

"मंग ठेवा तुमच्या मनानं," चाचा म्हणाले. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते हायवेकडे चालत होते, एकदाही मागे न बघता. मी दादासाहेबांची माफी मागितली आणि दुसऱ्या एका फिटरकडून दोन्ही सबवूफर दोन कोपऱ्यांत बसवून घेतले.

पंधरा-वीस दिवसांनी दादासाहेबांचा फोन आला. डिसेंबरचे दिवस होते. "तुमची मशीन हंबरून राह्यली," ते म्हणाले. "भजन लावलं का मांगून घूंऽऽ. दोन दिवसांत ठीक नाही झालं त सगळं सामान तुमच्या दुकानासमोर आनून टाकतो. आन् का टाकलं तेबी सगळ्या वडनेरले सांगतो."

फिटरला विचारलं तर तो म्हणाला, सोपं आहे, प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकू, घूं जाईल. तो दुसऱ्या दिवशी दुपारी जाणार होता.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला दुकान उघडलं, तर चाचा नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसले. त्या घरचा विषय आम्ही टाळत होतो. पण मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, पिनचंही.

"कापली का पिन?" त्यांनी लगेच विचारलं.

"आज दुपारी कापणार."

"घूं दिवसभर येते?"

"नाही. सकाळी येतो. साडेदहा-अकराला आपोआप जातो म्हणतात."

चाचांनी हातातला चहा बाकावर ठेवला. "सकाळी त्या घरात काय चालू असते?"

"काय असणार? चहा, नाश्ता, आंघोळी..."

"गिझर," ते म्हणाले आणि उभे राहिले. "फोन लावा. म्हना मेन स्वीच पाडा, पान्याले हात लावू नका."

मी फोन लावला. दादासाहेब उचलेनात. शेतात गेले की फोन घरीच ठेवतात आणि भजनात तो कोणाला ऐकू आला नाही, हे मला नंतर कळलं. घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. चाचा तोवर माझ्या मोटरसायकलजवळ जाऊन उभे होते.

रस्त्यात मी विचारलं, त्यांनी माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. गिझरमधून करंट गळत असेल. तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे. तो जमिनीत जात नाही, घरातल्या वायरींतून फिरतो आहे, म्हणून तुमचा सबवूफर हंबरतो. "डब्बा बिघडला नाही, शेठजी. डब्बा सांगून राह्यला." आणि पिन कापली असती तर तो सांगायचा थांबला असता.

बंगल्याचं दार उघडंच होतं. वरून भजन ऐकू येत होतं आणि त्यामागे तो घूं. दादासाहेबांची सून स्वयंपाकघरातून हातात टॉवेल घेऊन बाहेर आली. चाचांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"आंघोळीले कोन गेलं, बेटा?"

"आई गेल्या, लहानीले घेऊन. काऊन?"

मेन बोर्ड जिन्याखाली होता. चाचांनी जाऊन स्वीच खाली ओढला. भजन बंद पडलं. घूं बंद पडला. बाथरूममधून दादासाहेबांच्या बायकोचा आवाज आला, "लाईट गेली का वं?"

"काकू, बाहेर या," मी ओरडलो. "नळाला हात लावू नका. बाळाला घेऊन बाहेर या."

काकू पोरीला पदरात गुंडाळून बाहेर आल्या. पोरगी रडत होती, कारण तिला पाण्यात खेळायचं होतं. सून भिंतीला टेकून म्हणाली, "दोन दिवसांपासून नळाले हात लावला का झिनझिन्या येतात. आमाले वाटलं थंडीनं येत असतीन."

दादासाहेब शेतातून आले तेव्हा चाचा मागच्या अंगणात होते. सगळ्यांना घराबाहेर काढून, मेन स्वीच परत चालू करून, त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब तयार केला होता. एक वायर अंगणातल्या ओल्या मातीत खोचली होती. रबरी चप्पल घालून, एक हात पाठीमागे ठेवून त्यांनी दुसरी वायर बाथरूमच्या नळाला टेकवली. बल्ब लागला. नळाच्या करंटवर. दादासाहेबांनी तो पाहिला.

स्वीच पुन्हा पाडून चाचा अर्थिंगच्या खड्ड्याजवळ गेले. वर सिमेंटचं सुबक झाकण होतं. खाली मीठ-कोळशात पुरलेली तांब्याची पट्टी असायला हवी. चाचांनी हिरवी वायर दोन बोटांनी धरून ओढली. हातभर वायर सरळ वर आली. टोकाला काहीच नव्हतं. वायरिंग करणाऱ्याने ती नुसती मातीत सोडून झाकण लावलं होतं. करंट गळला की वीज तोडणारं यंत्रही बोर्डावर होतं. ते सारखं पडतं म्हणून त्यानेच त्याला बाजूने वायर काढून दिली होती, म्हणजे ते असून नसल्यासारखं.

दादासाहेब पायरीवर बसले. नातीला मांडीवर घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, आता काय करू?"

"अर्थिंग करा. मंग डब्ब्याचं पाहू."

चार दिवसांनी दादासाहेबांनी स्वतः गाडी पाठवली. अर्थिंग नवीन झालं होतं, गिझर बदलला होता. सकाळी सगळं चालू करून पाहिलं. घूं नव्हता. चाचा उठायला लागले तर दादासाहेब म्हणाले, "थांबा."

त्यांनी गड्याला एक सबवूफर खुर्चीवर ठेवायला सांगितला आणि त्याला खाली पाठवलं. दार लावलं. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ते रांगायला लागले. गुडघा दुखत होता, मध्ये थांबत होते. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि दुसऱ्या भिंतीकडून त्याही निघाल्या. दोघं डाव्या हाताच्या खिडकीखाली एकाच जागी येऊन थांबले.

"इथं," काकू म्हणाल्या.

"हो, इथंच," दादासाहेब म्हणाले.

चाचांनी खडूची खूण केली. दुसरा सबवूफर आम्ही परत घेऊन आलो.

त्या दिवशी परतताना हायवेवर एका टपरीवर चहाला थांबलो. मी चाचांना म्हणालो, "तुम्ही दादासाहेबांना तेव्हा एवढं तोडून बोललात. साधी गोष्ट होती. गडी रांगला असता तर काय बिघडलं असतं?"

चाचांनी बशीतला चहा संपवला. मग त्यांनी सांगितलं. त्यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही कधी त्यावर बोलले नाहीत.

जिनिंगमध्ये असताना एका सकाळी एका मशीनच्या बेअरिंगचा आवाज बदललेला त्यांना ऐकू आला. बाकी कोणाला कळला नसता इतका बारीक. त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, गाड्यांची रांग बघ, संध्याकाळपर्यंत चालव, रात्री खोल. चाचा हो म्हणाले. दुपारी बेअरिंग फुटलं, पट्टा सुटला आणि त्या मशीनवरच्या माणसाचा हात आत गेला. मनगटापासून तोडावा लागला.

"मले आवाज आलता," चाचा म्हणाले. "दुसऱ्यानं सांगतलं म्हनून मी कान बंद केले. म्हनून मी म्हनतो, ज्याचं घर त्यानं सोता ऐकाव."

तो माणूस अमडापूरचा होता. चाचा महिन्यातून एकदा खामगाववरून एसटी बदलून त्याच्याकडे जायचे. काय बोलायचे, मी विचारलं नाही.

मागच्या वर्षी चाचा गेले. आठ दिवस ताप आला आणि गेले. मातीला मी होतो, पण घरी नीट जाणं झालं नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्या मुलाने मला एका माणसाशेजारी बसवलं. साठीचा, टोपी घातलेला. डाव्या बाहीचं टोक दुमडून पिन लावलेलं होतं.

मी ओळख सांगितली. तो म्हणाला, "हाव, दुकानवाले. मिस्त्री सांगत तुमचं."

त्याचं अमडापूरला किराण्याचं लहानसं दुकान होतं. चाचा आले की दुकानात बसत, म्हणाला. पंखा कुरकुरला की खोलत. फ्रीजचा आवाज ऐकून सांगत, आता दोन महिने चालन. "माह्या दुकानात एक चीज करकर नाही करत, भाऊ. बिजागरीबी नाही."

 मग मी म्हणालो, "त्यांना त्या दिवसाचं फार लागलं होतं. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांना आवाज आला होता म्हणून."

त्याने मान हलवली. उजव्या हाताने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आवाज मलेबी आलता," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"मशीन माह्याच पुढं होती. मले नाही येनार त कोनाले येईन? सकाळपासून ऐकून राह्यलो होतो. मीबी गप बसलो. हंगाम होता, मशीन बंद केली का आमाले घरी धाडत."

"चाचांना हे माहीत होतं?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"पह्यले दोन-चार वर्सं रागानं नाही सांगतलं. कोनावर त राग काढाव ना मानसानं." त्याने दाराकडे पाहिलं. आत बायका बोलत होत्या. "मंग राग गेला. पन तोवर ते दर महिन्याले येऊन राह्यले होते. सांगतलं असतं त त्याईचं मन हलकं झालं असतं, मले समजत होतं. पन मंग ते कायले आले असते अमडापूरले?"

 चाचांच्या मुलाने दोन कप चहा आणून दिला. त्या माणसाने कप गुडघ्यावर टेकवून धरला, जरासुद्धा हलू न देता. खामगावच्या गाडीला अजून तासभर होता. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.